वाचकांचे प्रश्न : अनुबिस आणि त्याचा तराजू

प्रश्न : कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस म्हणजे इजिप्तचा यम, असं ऐकलं. मेलेल्यांचा न्याय तोच करायचा का?

उत्तर : नाही. यमच शोधायचा तर तो ओसायरिस, आणि चित्रगुप्ताची लेखणी थॉथच्या हातात. अनुबिसचं काम कारागिराचं : देह टिकवणं, थडगं राखणं, वजन बिनचूक होतंय ना ते बघणं.

ब्रिटिश म्युझियममधल्या हुनेफर नावाच्या लेखनिकाच्या पपायरसचं (थडग्यात ठेवलेली लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, इ.स.पू. १२७५च्या सुमाराची) चित्र डावीकडून बघत या. अनुबिस हुनेफरला हाताला धरून आणतो. पुढे तोच तराजूच्या दांडीखाली गुडघा टेकून ओळंबा तपासतो, अगदी गवंडी तपासतो तसा. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मातचं, म्हणजे सत्याचं, पीस. शेजारी अम्मित टपलेली : तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय जड भरलं की ती ते गिळणार. थॉथ निकाल टिपतो आणि ओसायरिसचा मुलगा होरस हुनेफरला ओसायरिसपुढे नेतो. तिथे अनुबिस नाही.

एकेकाळी मात्र त्याचा मान मोठा होता. गिझाचे पिरॅमिड उभे राहिले त्या चौथ्या राजवंशात थडग्यांवरच्या नैवेद्याच्या मंत्रात अनुबिसचंच नाव असे. ओसायरिस तिथे पाचव्या राजवंशापासून येतो.

प्रश्न : ममी करणारे खरंच कोल्ह्याचा मुखवटा घालत का?

उत्तर : निदान काही विधींत घालत असावेत. जर्मनीत हिल्डेशाइमच्या संग्रहालयात भाजक्या मातीचा असा मुखवटा आहे. बघायची भोकं डोळ्यांना नाहीत, मुस्कटाखाली आहेत. घालणाऱ्याला आजूबाजूचं धड दिसणार नाही, आणि इजिप्तमधल्या देंदेराच्या देवळातल्या कोरीवकामात मुखवटा घातलेल्या पुजाऱ्याला दुसरा माणूस सांभाळून नेताना दिसतोही.

खरी मेहनत मिठाची. पोटाच्या डाव्या बाजूला चीर देऊन यकृत, फुफ्फुसं, जठर, आतडी काढत, वेगळी सुकवत आणि झाकणाच्या चार बरण्यांत ठेवत. हृदय शक्यतो जागीच ठेवत. तराजूत जायचं ते तेच. मग देह कोरड्या नॅट्रॉनमध्ये सुमारे ४० दिवस. नॅट्रॉन म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा यांचं नैसर्गिक मिश्रण. ते पाणी ओढून घेतं आणि चरबीचा साबण करतं. जुन्या पुस्तकांत देह नॅट्रॉनच्या पाण्यात बुडवत असं लिहिलेलं सापडेल, ते सोडून द्या : पाण्यात देह सुकत नाही. तेलं, राळ, पट्ट्या धरून सगळं ७० दिवसांत उरके. राळ-तेलाचा हात सैल सुटला तर काय होतं ते तुतनखामुनच्या ममीवर दिसतं : ती पेटीच्या तळाला इतकी घट्ट चिकटली होती की त्याचं थडगं शोधणाऱ्या कार्टरच्या मंडळींना तुकड्यातुकड्यांनी काढावी लागली.

प्रश्न : कोल्हा काळा नसतो, मग अनुबिस काळा का? आणि कोल्ह्याच्या झाकणाची बरणी त्याचीच ना?

उत्तर : काळा रंग नाईलच्या गाळाचा, म्हणजे नव्याने उगवण्याचा, शिवाय राळ लावलेली ममीही काळपट पडते. बरणी मात्र होरसच्या चार पुत्रांपैकी दुआमुतेफची, आत जठर. संग्रहालयात मोठी माणसंही इथे चुकतात.