कामात प्रेम 'घालतात' का हो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑफिसच्या भिंतीवर लावायच्या पोस्टरसाठी "आपल्या कामात प्रेम आणि काळजी घाला, उत्कृष्ठता मिळवा" असं वाक्य आलंय, व्याकरणाची चूक अशी सापडत नाही पण वाचताना दाताखाली खडा येतो, तर मराठीत हे कसं म्हणायचं. खडा आहे, आणि एकच नाहीये, तीन आहेत.

सगळ्यात आधी 'काळजी घाला'. मराठीत काळजी एकच पण तिच्या पुढचं क्रियापद बदललं की माणूसच बदलतो. काळजी घेतली तर ते जपणं झालं, काळजी केली तर रात्रभर कूस बदलणं, काळजी वाहिली तर दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर, आणि एखाद्याला काळजीत घातलं म्हणजे त्याची झोप उडवली. तुमचं 'काळजी घाला' बरोब्बर या शेवटच्याच्या दारात जाऊन उभं राहतं. पोस्टर वाचून लोक खरंच काळजीत पडतील.

आता प्रेम. घालतो आपण काय काय, तर मीठ घालतो, खत घालतो, सदरा घालतो, घोळ घालतो, पण प्रेम नाही घालत. ते असतं, बसतं, जडतं, आपण करतो, एवढंच. कामावर प्रेम आहे असं आपण म्हणतो, पण ते प्रेम कामात उतरलं हे सांगायची वेळ आली की मराठी माणूस प्रेम शब्द बाजूला ठेवतो आणि 'जीव' काढतो. जीव ओतून केलंय. आणि इथेही क्रियापदाकडे बघायला हवं कारण जीव तोडून, जीव लावून, जीव ओतून हे तिन्ही लोक सर्रास एकाच अर्थानं ठोकून देतात. जीव तोडून मध्ये नुसती मेहनत मोजलेली असते, जीव तोडून पळणारा शर्यत हरूही शकतो आणि जीव तोडून केलेलं काम ओबडधोबडही असू शकतं. जीव लावायला समोर कुणीतरी लागतं, मूल, वासरू, फार तर एखादी जुनी सायकल, कारण ती आता वस्तू राहिलेली नसते. ओतणं मात्र खास कामाचं आहे. धातू वितळवून साच्यात ओततात, मग जे निघतं त्याला आपण ओतीव म्हणतो. जीव ओतला म्हणताना माझ्या डोळ्यासमोर तरी तेच येतं, जे आत होतं ते आता तिकडे गेलं आणि त्या वस्तूचा आकार घेऊन बसलं. (व्युत्पत्ती म्हणून नका घेऊ, मला दिसतं ते सांगतोय.)

ओतणंवरून आठवलं, समर्थ रामदासांच्या दासबोधात १९ व्या दशकाचा पहिला समास अख्खा अक्षर कसं काढावं यावर आहे. "वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें" अशी ओवी आहे त्यात, म्हणजे शाई सुद्धा नुसती फासलेली नाही, ओतलेली. आणि पुढे म्हणतात की पहिलं अक्षर जसं काढलं ते बघत बघत ग्रंथ संपेपर्यंत तसंच काढत जावं, वाचणाऱ्याला वाटावं एकाच टाकानं लिहिलंय. मला हा भाग फार आवडतो कारण पहिल्या पानावर अक्षर सगळ्यांचंच छान असतं हो, शाळेच्या नव्या वहीचं आठवा, खरी गंमत चाळिसाव्या पानावर कळते.

तर जीव ओतून हा एक पर्याय झाला, पण त्यात तुमची ती 'काळजी' येत नाही. जीव ओतणारा भारावलेला असतो, नटाला गायकाला शोभतं ते, पण रोजच्या बारीकसारीक कामाला त्यापेक्षा नेमका शब्द आहे निगुतीनं. सध्या कमी ऐकू येतो म्हणून जरा थांबून सांगतो. एका रफू करणाऱ्या माणसाजवळ बसून मी एकदा बराच वेळ त्याचं काम बघितलंय. कोटाला बाहीवर भोक पडलेलं. त्याने आधी कोट उलटा केला, आतल्या शिवणीत कापड थोडं शिल्लक असतं तिथून त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढले, म्हणजे रंग जुळवायचा प्रश्नच नाही, आणि मग भोकावर एक धागा वर एक खाली असं विणत गेला, मधेच नखानं दाबून बसवायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा सुई. शेवटी बाही परत उलटी केली आणि आतून सुटलेली टोकं सुद्धा आवरली. मी म्हटलं आतून कोण बघणार आहे, तर त्याने मान सुद्धा वर केली नाही. हे निगुतीनं. यात काळजी आहे, टापटीप आहे, काही वाया जाऊ न देणं आहे, घाई नाही, आणि दाखवणं तर अजिबातच नाही. 'काळजीपूर्वक' म्हटलं की मला सूचनाफलक आठवतो, काचेचं सामान, काळजीपूर्वक हाताळा. निगुतीत भीती नसते. जाता जाता, 'निगा' आणि 'निगुती' एकच समजू नका, निगा फारसी निगाह म्हणजे नजर यावरून आलीय, म्हणूनच आपण ती 'राखतो'.

उलट बाजूचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत ते बघून जरा वाईटच वाटतं, उरकणे, खरडणे, गुंडाळणे, आणि सगळ्यांचा बाप पाट्या टाकणे. वेठ मारल्यासारखं काम असंही म्हणायचे. वेठ म्हणजे सक्तीची, बिनपैशाची मजुरी, संस्कृत विष्टि वरून आलेला शब्द. हे मला फार खरं वाटतं, ज्याच्याकडून जबरदस्तीनं करून घेतलं त्याचं काम तसंच होणार, भाषेनं दोष आधी सक्तीला दिलाय. पोस्टर लावणाऱ्या साहेबांनाही हे सांगायला हरकत नाही!

अजून एक, कुणीतरी 'हौसेनं काम करा' सुचवलं होतं. हौस मूळ अरबी हवस, फारसीतून आपल्याकडे आली, हिंदीत ती वासनेकडे गेली आणि मराठीत येऊन एकदम गोड झाली. शब्द छान आहे पण ऑफिसात नको, कारण हौसेनं करतो तो हौशी, आणि हौशी म्हणजे कच्चा असा वास त्याला लागलाय. इंग्रजीतल्या अमॅच्युअरचं पण सेम झालं, तो लॅटिनमधल्या 'प्रेम करणारा' या शब्दावरून आलाय आणि आता लोक टोमणा म्हणून वापरतात. प्रेमानं करणारा तो कच्चा आणि पैसे घेणारा तो पक्का, असा हिशोब दोन्हीकडे कसा काय झाला कुणास ठाऊक.

राहिला तिसरा खडा, 'उत्कृष्ठता'. इथे ठ नाही, ट पाहिजे. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांत ठ आहे कारण तिथे संस्कृतचा 'सगळ्यात जास्त' सांगणारा इष्ठ प्रत्यय आहे. उत्कृष्ट तसा बनलेला नाही, तो उत् अधिक कृष्, कृष् म्हणजे ओढणे (आकर्षण त्यातलंच, नांगर ओढणारी कृषी पण), त्याला त लागून ष्ट झाला, म्हणजे वर ओढून काढलेलं. त्यामुळे उत्कृष्टता 'मिळवा' हे सुद्धा मला जरा बक्षिसासारखंच वाटतं, मी तो शब्दच काढून टाकला असता.

मला विचाराल तर पोस्टरवर एवढंच लिहा, "जीव ओतून करा, निगुतीनं करा." टीममधल्या तरुण पोरांना निगुती कळणार नाही असं वाटत असेल तर "मन लावून करा" चालेल, पण मी निगुतीच ठेवेन, विचारतील ना कुणीतरी. फक्त डिझाइनवाल्याला आधी सांगून ठेवा, गु ऱ्हस्व आणि ती दीर्घ, नाहीतर निगुतीचंच निगूती होऊन भिंतीवर लागेल.