दोन पांढऱ्यांची जांभळी संतती

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या फुलांची दोन कॅटलिया ऑर्किड आहेत, दोन्ही एकाच वेळी फुलतात. त्यांचा संकर केला तर सगळी रोपं पांढरीच निघतील ना? बी कुंडीत पेरलं तर रुजेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : पांढरीच निघतील असं धरून चालू नका. कॅटलियात जांभळा रंग तयार व्हायला दोन वेगवेगळी जनुकं धड असावी लागतात. तुमच्या एका झाडात पहिलं बिघडलेलं असेल आणि दुसऱ्यात दुसरं, तर पोरांना दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळते आणि ती जांभळी फुलतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आनुवंशशास्त्रज्ञ हर्स्ट यांनी हे कोडं उलगडलं. दोघांतही तेच जनुक बिघडलेलं असेल, तर मात्र सगळी पांढरी. नुसत्या फुलावरून हे ओळखता येत नाही, म्हणून रोप विकत घेताना त्याच्या आईबापांची नावं विचाराच.

मला स्वतःला कोस्टारिकाच्या डोवियाना या कॅटलियाच्या जातीचं रक्त असलेली फुलं फार आवडतात. तो पिवळाधमक, पण जांभळ्याशी जुळवला की त्याचा पिवळा दबतो आणि पोरांच्या ओठाच्या पाकळीवर मखमली गर्द रंग उतरतो. ब्राझीलचा छोटा कॉक्सिनिया, हाही कॅटलियाचाच भाऊबंद, लाल रंग आणि बुटकेपणा देतो, सोबत थंडीची आवडही. कोकणच्या उकाड्यात त्याची पोरं कुढतात.

आता कृती. फुलाच्या मधोमध जो जाड दांडा असतो, त्याच्या टोकाची टोपी टूथपिकने अलगद उचला. खाली मेणासारखे चार पिवळे परागपुंज दिसतील. ज्याला आई करायचं त्या फुलाचे स्वतःचे पराग आधी काढून टाका, मग बापाचे पराग दांड्याखालच्या चिकट खळग्यात दाबा. फूल लगेच मलूल होतं, घाबरू नका; शेंग धरली की मागचा देठ फुगू लागतो. ती महिनोन्महिने पोसावी लागते, तेव्हा आई दणकट झाडच निवडा. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, मग बापाचं, आणि तारीख.

बी कुंडीत पेरू नका. ते धुळीइतकं बारीक, पोटात शिदोरी नाही. जंगलात बुरशी त्याला भरवते. 1922 मध्ये अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी ते साखर घातलेल्या आगरवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीवाचून रुजवून दाखवलं. त्यामुळे शेंग तडकण्याआधी, हिरवी असतानाच टिश्यू कल्चर लॅबमध्ये द्या. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. फूल बघायला चार ते सात वर्षं लागतात.

जांभळी निघाली तर टाकू नका. त्यातलीच दोन भावंडं जुळवा. पुढच्या पिढीत सोळांपैकी साधारण सात पांढरी येतील.