उकळून खाल्लं तरी उलट्या का झाल्या?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: रात्री लॉनवरच्या लग्नातून उरलेला भात, बासुंदी आणि मटणाचा रस्सा घरी आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी भात वाफ येईस्तोवर गरम करून आणि बासुंदी उकळून खाल्ली. तीन तासांत दोघांनाही उलट्या. तिसऱ्याने फक्त रस्सा खाल्ला, तोही कोमट करून. त्याला रात्री अकराच्या सुमारास मुरडा येऊन जुलाब लागले. ताप कुणालाच नाही. शेजारी टँकरच्या पाण्याला दोष देताहेत.

पाण्याला इथे उगाच बदनाम करू नका. दूषित पाण्यातून आलेला टायफॉइड साधारण एक-दोन आठवड्यांनी तापाने सुरू होतो. त्याचे जंतू आधी आतड्याची भिंत ओलांडतात, मग रक्तात पोचतात. तीन तासांत हे शक्यच नाही.

इतक्या लवकर उलटी झाली म्हणजे बहुधा विष खाण्याआधीच अन्नात तयार झालेलं होतं. बासुंदीत संशय स्टॅफिलोकोकसवर. हा जिवाणू कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात असतो, वाढप्याच्या बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर भरपूर. हात लागला की दुधाच्या पदार्थात उतरतो, वाढतो आणि विष सोडतो. उकळल्यावर जिवाणू मरतो, पण त्याचं विष अर्धा तास उकळूनही टिकू शकतं. चव नाही, वास नाही, त्यामुळे 'नासलं नव्हतं हो' या म्हणण्याला इथे काही अर्थ नाही.

भाताचा गुन्हेगार वेगळा, बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू. त्याचे बीजाणू (कवचातलं निद्रिस्त रूप) तांदळातच असतात आणि शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यांचं उलटीचं विष तर उकळण्याला अजिबात दाद देत नाही. फोडणीच्या भाताने होणाऱ्या उलट्यांमागे पुष्कळदा हाच असतो. दोघांनी दोन्ही पदार्थ खाल्लेत, तेव्हा नक्की कोणता ते नुसत्या लक्षणांवरून ठरणार नाही.

रस्स्याचं गणित मात्र उलटं. मोठ्या गंजातला रस्सा मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो, हवाही आत जात नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. ४३ ते ४७ अंशांत तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. तो जिवंत पोटात जातो आणि विष आतड्यात गेल्यावर बनवतो, म्हणून त्रास ६ ते २४ तासांनी. हा रस्सा खळखळ उकळला असता तर बहुतेक काही झालं नसतं. म्हणजे जिथे उकळण्याचा उपयोग नव्हता तिथे उकळलं आणि जिथे होता तिथे कोमट केलं!

उरलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. आपल्याकडे मे महिन्यात एकच तास धरा. अख्खा गंज फ्रिजमध्ये कोंबू नका. परातीत किंवा पसरट डब्यांत दोन इंचांहून कमी थर करून ठेवा. लॉनवर रात्रभर राहिलेलं असेल तर सरळ फेका.

आता उपचार. ओआरएसच्या पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी एकदम विरघळवा. ग्लासात अंदाजाने अर्धी टाकू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना धोका असतो. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. अँटिबायोटिक विषावर चालत नाही, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका.

शौचात रक्त, ताप, सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी, किंवा घोटभर पाणीही टिकत नाही, असं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर एवढी वाटही पाहू नका. लग्नातले आणखी पाहुणे आजारी असतील तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा आणि उरलेली बासुंदी फेकण्याआधी थोडी झाकणबंद डब्यात, नाव-तारीख लिहून, फ्रिजमध्ये वेगळी ठेवा. प्रयोगशाळेला नमुना लागला तर तोच कामी येईल.