संध्याकाळच्या मोफत जेवणावर हिशेब मांडू नका

पहिल्यांदाच प्रोजेक्टसाठी दोन महिने अमेरिकेत राहणार आहात, छानच! मात्र जुने रिव्ह्यू वाचून जेवणाचा खर्च धरू नका, नवखे हमखास इथेच चुकतात. होमवुड स्वीट्स या हिल्टनच्या लांब मुक्कामाच्या हॉटेलांमध्ये पूर्वी सोमवार ते गुरुवार संध्याकाळी जेवण मिळायचं, सोबत बिअर-वाइन. आता ते बहुतेक बुधवारपुरतंच उरलंय. म्हणून:

- बुकिंगआधी त्याच हॉटेलला फोन करून वार-वेळ विचारा. ब्रँड एक असला तरी हॉटेलागणिक फरक पडतो.
- शाकाहारी असाल तर काय मिळतं तेही विचारा. कधीकधी नुसतं सॅलड न् चिप्स हाती लागतात.

खोलीत शेगडी, मोठा फ्रिज, भांडी असतात. कुकर नसतो, तीन लिटरचा बॅगेत टाकाच! दमून आल्यावर गरम वरण-भातावर तूप घेतलं की जिवात जीव येतो.