जहाजावरचं सोलर आणि बॅटरी: खरंच किती वाचतं?

कोल्हापुरात समुद्र नाही, पण जहाजांबद्दल वाचकांची पत्रं थांबत नाहीत. सोलर-बॅटरी बसवली की जहाजाचं ‘डिझेल शून्य’, असा एखादा व्हिडिओ फिरला की आठवडाभर तोच प्रश्न.

प्रश्न: मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे. डेकभर पॅनेल बसवले तर इंधनाचा खर्च संपेल का? (राजारामपुरी)

नाही. 2008 मध्ये जपानच्या ‘ऑरिगा लीडर’ या मोटारी वाहणाऱ्या जहाजावर 328 पॅनेल बसवले, सगळे मिळून 40 किलोवॅट. अशा जहाजाचं मुख्य इंजिनच हजारो किलोवॅटचं असतं.

प्रश्न: मग जहाजावर बॅटरी कशाला? (इचलकरंजी)

बंदरात शिरताना भार अचानक वाढेल म्हणून दोन जनरेटर चालू ठेवतात, दोन्ही अर्धपोटी. कमी भारावर जनरेटर युनिटमागे जास्त डिझेल पितो आणि काजळीही धरतो. बॅटरी असली की अचानक वाढलेला भार ती उचलते, एकच जनरेटर नीट भारावर चालतो, दुसऱ्याचे तास वाचतात. जनरेटरवरच्या भाराचं रेकॉर्ड न बघता बचतीचा आकडा सांगणाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

प्रश्न: पाहुण्यांची मालवणात पर्यटकांची बोट आहे. एक विक्रेता ई-रिक्षाच्या बॅटऱ्या निम्म्या दरात जोडून देतो म्हणतो. घ्याव्यात का? (शिरोली)

अजिबात नाही! हे महिन्याआड कुणीतरी विचारतंच. खाऱ्या हवेत टर्मिनल गंजतात, सैल जोड तापतो आणि लिथियम सेल एकदा पेटला की ज्वालाग्राही वायू सोडत राहतो. 2019 मध्ये नॉर्वेतल्या एका हायब्रिड (डिझेल आणि बॅटरी दोन्हींवरच्या) फेरीबोटीत बॅटरीच्या खोलीला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी स्फोट झाला. अग्निशमनचे जवान दवाखान्यात गेले. ती तर जहाजासाठीच बनवलेली यंत्रणा होती. इथे फळीखाली, प्रवाशांच्या पायाशी रिक्षाची बॅटरी! ‘वॉटरप्रूफ आहे ओ’ हे तोंडी चालत नाही, चाचणीचा कागद मागा. शिवाय वजन हललं की बोटीचा तोल बदलतो. आधी नेव्हल आर्किटेक्टला, म्हणजे बोटीची रचना ठरवणाऱ्या इंजिनीअरला दाखवा, महाराष्ट्र सागरी मंडळात विचारा, आणि मगच पैसे मोजा. सीझन तोंडावर आलाय ही सबब नको.

प्रश्न: रंकाळ्यावर सोलर बोट चालेल का? (शाहूपुरी)

चालेल. ठरलेल्या, छोट्या फेऱ्यांना सोलर शोभतं. केरळात वैकमला ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची बोट 2017 पासून आहे. पण ती मुळातच हलकी, जोडनावेच्या (दोन अरुंद नावा शेजारी जोडलेल्या) सांगाड्याची बांधली. जुन्या बोटीवर सोलरचं छप्पर टाकून तेवढी बचत मागू नका. सांगाडा तपासून घ्या.

प्रश्न: मालवाहू जहाजाचा खर्च सगळ्यात स्वस्तात कसा कमी होईल? (गोकुळ शिरगाव)

वेग उतरवा. वेग 10 टक्के कमी केला की इंजिनाला लागणारी ताकद सुमारे 27 टक्क्यांनी उतरते, पण वेळ जास्त लागतो, म्हणून तेवढ्याच अंतराचं इंधन सुमारे 19 टक्क्यांनी. फक्त माल पोचवायच्या तारखा करारात काय आहेत, ते आधी कंपनीला विचारा.