माझ्या 76 वर्षांच्या आईला लिव्हिंग विल करायचं आहे. आम्ही ठाण्यात राहतो. भाऊ म्हणतो, हे इच्छामरण आहे, सरकारने अशा गोष्टीला परवानगीच द्यायला नको. तुम्हाला काय वाटतं?

आधी भावाच्या शंकेबद्दल. इंजेक्शन देऊन कुणाचा जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. लिव्हिंग विलमध्ये माणूस एवढंच लिहून ठेवतो की, मी बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला स्वतःला काही सांगता येत नाही अशी वेळ आली, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस असले उपचार सुरू करू नका, चालू असतील तर थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी याला मान्यता दिली.

ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी आयसीयूत सिस्टर होते. उपचार थांबवायचा निर्णय तिथे सतत व्हायचा, आणि बहुतेक वेळा तो पैसे संपले म्हणून व्हायचा. आम्ही त्याला 'डामा' म्हणायचो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. बिल चढत जातं, दागिने गहाण पडतात, शेवटी मुलगा कागदावर सही करतो आणि पेशंटला अँब्युलन्समधून मुरबाडला नाहीतर शहापूरला घरी नेतात. सोबत वेदनेचं औषध नाही, रात्री धाप लागली तर काय करायचं ते सांगणारं कुणी नाही. बापाला आपणच मारलं, ही टोचणी त्या मुलाला पुढे कायमची लागते. पेशंटला स्वतःला काय हवं होतं, हे तर कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून परवानगी द्यावी की नाही हा वाद मला अर्धवट वाटतो. तुमच्या आईला हे आज, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. तिला सांगू द्या.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात का? 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि 2015 मध्ये गेल्या. चार दशकांहून जास्त काळ तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. त्या सेवेपुढे मी आजही हात जोडते. 2011 मध्ये न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवायची मागणी फेटाळली, तेव्हा याचिका करणाऱ्या लेखिकेपेक्षा सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचं म्हणणं ग्राह्य धरलं. खुद्द अरुणाताईंचं म्हणणं मात्र कुणाकडेच नव्हतं.

2018 ची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सही करावी लागे. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या, एक महापालिकेत. डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर राज्य सरकारने स्थानिक संस्थांमध्ये ही कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी नेमले आहेत, तेव्हा ठाणे महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. आईचं मन बदललं तर ती कधीही लेखी रद्द करू शकते. आणि कागद दाखवला की लगेच मशीन बंद, असं होत नाही. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ तपासतं, ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. नातेवाइकांची संमती लागते, आणि निर्णय अमलात आणण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

विरोध करणाऱ्यांची एक भीती मला पूर्ण पटते: गरिबाच्या बाबतीत 'उपचार नको' ही इच्छा खरी की खिशाची? याला माझ्या मते उत्तर एकच. सरकारने कागद सांभाळायला माणूस नेमला, तसा घरी येऊन वेदना कमी करणारा डॉक्टर आणि सिस्टरही नेमायला हवी. 2014 मध्ये कायदा बदलून मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या परवान्यांची गुंतागुंत कमी केली, पण बाटली पेशंटच्या उशाशी पोचवायला माणसं लागतात. व्हेंटिलेटर काढल्यावर सेवा थांबत नाही, उलट तेव्हाच तिची जास्त गरज असते. महापालिकेच्या बजेटवर बोलताना नगरसेवकाला हे विचारा, मीही विचारते.

तुमच्या भावाला यातून बाहेर ठेवू नका. आपल्या वतीने निर्णय कळवायला आई एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावं लिहू शकते. तुमच्याबरोबर त्याचंही नाव घाला, आणि लिहिण्याआधी आईला त्याच्याशी एकटीने बोलू द्या.