एकीला चालणारी अँटिबॉडी दुसरीला का चालत नाही?

आपल्या आत्यांना आणि त्यांच्या मैत्रिणीला, दोघींनाही स्तनाचा कर्करोग असताना मैत्रिणीला मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक खुणेला चिकटणारे, प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिन) सुरू झाली आणि आत्यांना मात्र ‘त्याचा उपयोग नाही’ असे सांगण्यात आले, हा भेदभाव कशासाठी, असे आपण विचारले आहे. ज्या तपासणीवर हा निर्णय ठरतो तिच्या काचा मी पॅथॉलॉजी विभागात रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, म्हणून तिथूनच सांगतो.

बायॉप्सीच्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर हर-२ या प्रथिनासाठी रंगप्रक्रिया करतात. हे प्रथिन भरपूर असेल तर पेशीपेशीभोवती गडद तपकिरी, सलग कडे उमटते आणि सगळी काच तारेच्या जाळीसारखी दिसते. नसेल तर नुसती निळसर केंद्रके दिसतात. दहा टक्क्यांहून अधिक पेशींना असे ठळक, पूर्ण कडे असेल तर अहवालात ३+ लिहितात. २+ आल्यास निर्णय अडतो आणि ‘फिश’ या तपासणीने पेशीतल्या हर-२ जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्केच हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे ३+ किंवा फिशमध्ये प्रती वाढलेले, असतात.

१९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी याच प्रथिनाला चिकटते, पेशीला मिळणारा वाढीचा संदेश रोखते आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिच्याकडे बोलावते. चिकटायला जागाच नसेल तर औषध कितीही चांगले असले तरी ते काय करणार? केमोथेरपी वेगाने विभागणाऱ्या बहुतेक पेशींवर घाव घालते. अँटिबॉडी मात्र एकच खूण शोधते, आणि म्हणूनच ती खूण आधी तपासावी लागते.

एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच साच्याच्या अँटिबॉडी अखंड मिळवल्या, त्या उंदराच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संयोग घडवून. न थकता विभागत राहण्याचा तिचा दुर्गुणच तिथे कामी आला.

हे उपचार निर्धोक आहेत असे मात्र समजू नये. ट्रास्टुझुमॅबमुळे हृदयाची आकुंचनक्षमता घटू शकते, म्हणून आधी आणि उपचारादरम्यान ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. सलाइनमधून देताना, विशेषतः पहिल्या वेळी, थंडी-ताप येऊ शकतो.

आत्यांचा अहवाल मागून घ्या आणि ‘निगेटिव्ह’ या शब्दापुढचा आकडा पाहा. तो ० आहे की १+, याला पूर्वी फारसे महत्त्व नव्हते. परंतु केमोचे औषध जोडलेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या अँटिबॉडीला २०२२ मध्ये अमेरिकेत हर-२ कमी प्रमाणात असलेल्या, म्हणजे १+ किंवा फिश निगेटिव्ह असलेल्या २+ रुग्णांसाठीही मान्यता मिळाली. ती आजार शरीरात इतरत्र पसरल्यावर आणि बहुधा आधी केमोथेरपी होऊन गेल्यावर दिली जाते, त्यामुळे आत्यांचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हेही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.